वॉचमन पुरवायला लायसन्स लागतं

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात गोव्यातल्या फोंड्यात पेशंटजवळ बसायला बाई मिळत नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे अशा कुणालाही विचारा. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या मुली गणपतीला घरी जातात, पेडण्या-सत्तरीतल्याही जातात, आणि जायलाच हवं. वर्षभर परक्या घरात रात्री जागवणाऱ्या बाईने निदान चवथीला तरी आपल्या घरच्या गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली बसावं. पूर्वी अशा बायका पुरवणारी ब्युरोवाली बाई अशा वेळी फोनवर सरळ सांगायची, "पाच दिवस माझ्याकडे कुणी नाही, घरच्यांनी पाळ्या लावा." लोक चरफडायचे, पण पाळ्या लावायचे. आता हेच काम करणारं मोबाइलवरचं अ‍ॅप मात्र 'नाही' म्हणत नाही. ते दर वाढवतं आणि कुणालातरी पाठवून देतं. मला धास्ती आहे ती या 'कुणालातरी'ची.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली, एका खाजगी हॉस्पिटलात वॉर्ड इनचार्ज म्हणून निवृत्त झालेली बाई. निवृत्तीनंतर शेजारीपाजारी "सिस्टर, जरा येऊन बघा हो" म्हणून हाक मारतात. कुणाचं बीपी बघायचं असतं, कुणाचं ड्रेसिंग. हल्ली जास्त करून अ‍ॅपने पाठवलेली बाई बघायची असते. ती धड आहे ना, तिला येतं ना, तिच्यावर घर टाकून देवळात जाऊन आलं तर चालेल ना. माझा स्वतःचा ब्युरो नाही आणि कुणाकडून मला कमिशनही मिळत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण या विषयावर बोललं की लोकांना पहिली शंका तीच येते.

आमच्याकडे ही गरज किती वाढली आहे ते गल्लीतून फिरलं तरी कळतं. मुलगा दुबईत, मुलगी पुण्यात, एखादा बोटीवर, आणि एवढ्या मोठ्या घरात दोन म्हातारी माणसं. हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळतो तेव्हा पेशंट बरा झालेलाच असतो असं नाही. हॉस्पिटलात करण्यासारखं संपलेलं असतं, एवढंच. नाकातली नळी, लघवीची पिशवी, कमरेखालची जखम सगळं बरोबर घेऊन माणूस घरी येतो आणि पुढचे महिने, कधी वर्षं, तो एका अटेंडंट बाईच्या हातात असतो.

आता अ‍ॅपवर ही बाई कशी मागवतात ते सांगते. शेजारच्या काकींकडे मी ते समोर बसून पाहिलं आहे. काकांना पक्षाघाताचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली, गिळता येत नाही म्हणून राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात पातळ अन्न सोडायची नळी. वर जुनी शुगर. मुलाने दुबईतून अ‍ॅप डाउनलोड केलं आणि काकींच्या फोनवर लॉगिन करून दिलं. त्यात विचारलं काय? वय, वजन, बारा तास की चोवीस, बाई हवी की पुरुष. 'पेशंटला नळी आहे का' या चौकोनात त्याने टिक केलं आणि दर वाढला. समोर 'ट्रेन्ड नर्सिंग स्टाफ' अशी पट्टी आली, एका मुलीचा हसरा फोटो आला, खाली साडेचार तारे. तिने कुठे, किती शिक्षण घेतलं, नर्सिंग कौन्सिलकडे नोंद आहे की नाही, इंजेक्शन देऊ शकते की नाही, यातलं एक अक्षरही त्या पानावर नव्हतं. तारे मात्र होते.

आलेली मुलगी दोडामार्गकडची. काही महिन्यांचा जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केलेली, म्हणजे नर्स नव्हे. पण मुलगी चांगली होती. मी गेले तेव्हा तिने काकांना कुशीवर वळवून पाठीमागे उशी लावली होती, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेली चादर ठेवली होती आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याची वेळ एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवली होती. फीड द्यायच्या आधी डोकं वर करून ठेवायची, नंतरही अर्धा तास तसंच. हे मला कित्येक शिकाऊ नर्सना ओरडून ओरडून शिकवावं लागलं आहे. मी काकींना म्हटलं, हिला सोडू नका.

एका रात्री दीडच्या सुमाराला काकांनी नळी ओढून काढली. असे पेशंट काढतातच. नाकात टोचत असतं, हात मोकळा असतो. काकी घाबरल्या, त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो तिकडून म्हणाला, "घाल म्हणावं परत, ट्रेन्ड आहे ना ती? पैसे कशाचे देतोय?" मुलगी म्हणाली, मला ते करायची परवानगी नाही. मग तिने अ‍ॅपच्या मदत क्रमांकावर फोन केला. आधी भाषा निवडा, मग एक दाबा, मग दोन दाबा. शेवटी मेसेज आला की आपली तक्रार नोंदवली आहे, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क करतील. तेव्हा काकींनी मला उठवलं.

नळी घालणं मला नवीन नाही. वॉर्डात असंख्य घातल्या. पण घरात, रात्री, ती पोटातच गेली की श्वासनलिकेत याची खात्री करायला काही साधन नसताना घालायची नसते. चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून दूध सोडलं तर ते फुप्फुसात जातं, आणि मग दोन दिवसांनी न्यूमोनिया. मी म्हणणार होते की रात्रभर पोटात काही जाऊ देऊ नका, सकाळी घेऊन जाऊ. तेवढ्यात ती मुलगी हळूच म्हणाली, "सिस्टर, संध्याकाळचं इन्सुलिन काकींनी दिलंय. अकराचा फीड त्यांना पचला नव्हता म्हणून मी अर्धाच दिला." पुढचं तिला बोलावं लागलं नाही. इन्सुलिन पूर्ण, पोट अर्धं, आणि तोंडाने काही देता येत नाही. ग्लुकोमीटर लावला तर शुगर खाली यायला लागली होती. सकाळची वाट न बघता पुतण्याची गाडी काढून काकांना कॅज्युअल्टीत नेलं. तिथे सलाइन लावून शुगर सावरली, नळी घातली, एक्स-रे काढून बघितला आणि पहाटे परत आणलं.

त्या रात्री त्या खोलीतलं सगळ्यात शहाणं माणूस ती मुलगी होती. काय करायचं नाही हे तिला ठाऊक होतं आणि काय सांगायचं तेही.

मुलाने तिला दोन तारे दिले. शेरा लिहिला, 'कामात टाळाटाळ करते.'

तिला कुणी काढलं नाही. अ‍ॅप कुणाला काढत नाही. काकांकडची तिची महिन्याची ड्यूटी संपली आणि पुढची केस आलीच नाही. फोन उघडला की 'आपल्या परिसरात सध्या काम उपलब्ध नाही.' त्याच दिवसांत आमच्या मागच्या गल्लीत त्याच अ‍ॅपची दुसरी बाई रुजू झाली. तारे कितीच्या खाली गेले की केस बंद होतात, कुणाचा शेरा किती धरतात, तिची बाजू कुणाला सांगायची, काही कळायला मार्ग नाही. मी तिचा फोन घेऊन सगळीकडे दाबून पाहिलं. शेऱ्याला उत्तर द्यायचं बटणच नाही.

हॉस्पिटलात एखाद्या नर्सने चुकीची ऑर्डर पाळायला नकार दिला तर डॉक्टर चिडतो, पण तिच्या पाठीशी मेट्रन असते, नियम असतात, रजिस्टरात नोंद असते. इथे तिने योग्य तेच केलं, आणि ते योग्य होतं की अयोग्य याचा निकाल दुबईत बसलेल्या, तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहिलेल्या माणसाने दिला. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी तीच मुलगी गुपचूप नळी घालेल, कारण तिला केस हवी आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकारात सगळ्यात धोक्याची गोष्ट ही आहे. पैशाचं मी नंतर सांगते.

काकींनी करारनामा वाचला नव्हता. कुणीच वाचत नाही. मी चष्मा लावून त्यांच्या फोनवर वाचला, आणि वैताग आला. आम्ही केवळ माध्यम आहोत, सेवा देणारी व्यक्ती स्वतंत्र व्यावसायिक आहे, तिच्या कृतीला आम्ही जबाबदार नाही. आणि त्याच्याच खाली लिहिलंय की ग्राहकाने त्या व्यक्तीला वर्षभर परस्पर कामावर ठेवायचं नाही, ठेवलं तर दंड. म्हणजे बाई त्यांची नाही, पण तुम्ही घेतलीत तर चोरी! दर तेच ठरवणार, बाई तेच निवडणार, गणवेशावर नाव त्यांचं, तिचं काम बंद करायचं ते तेच करणार, आणि विचारायला गेलं तर म्हणणार, आम्ही नुसती गाठ घालून दिली.

काकींकडून महिन्याचे ३०,००० जायचे. मुलीच्या खात्यात १८,००० यायचे, त्यातून गणवेश आणि ओळखपत्राचे आधीच कापलेले. मधले बारा हजार कशाचे? कुणी सुपरवायझर एकदाही घरी फिरकला नाही. दीड वाजता फोन उचलायला माणूस नव्हता.

आता कायद्याकडे येते. हे वाचण्यात माझे बरेच दिवस गेले, आणि मला जे सापडलं त्याने मी चकित झाले.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवायचा धंदा करायचा असेल तर २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्याप्रमाणे लायसन्स लागतं. एजन्सी चालवणाऱ्याची पूर्वपीठिका तपासतात. ठेवलेल्या प्रत्येक गार्डची चारित्र्य पडताळणी व्हावी लागते. त्याला प्रशिक्षण द्यावं लागतं. केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानात असं ते मोजून दिलेलं आहे. गेटबाहेर खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसासाठी एवढं. आणि त्याच गेटच्या आत, तिसऱ्या मजल्यावर, बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्याच्या खोलीत रात्रभर एकटी बसणारी बाई पुरवायला? दुकान परवाना असला तर असला. अ‍ॅपला तर दुकानही नाही.

नर्सचं म्हणाल तर माझं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत आहे. मी गैरवर्तन केलं तर माझी नोंदणी जाऊ शकते. जुन्या १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदाही झाला. पण हे सगळं नोंदणीकृत नर्ससाठी. फिजिओ, लॅब टेक्निशियन वगैरे मंडळींसाठी २०२१ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात बसायला निदान २,००० तासांची पदविका किंवा पदवी लागते. काही महिन्यांचा कोर्स केलेली आमची दोडामार्गची मुलगी दोन्हीकडे बसत नाही. घराघरांतला सगळा भार मात्र तिच्यासारख्यांवर.

ग्राहक म्हणून काकींना हक्क आहेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम अ‍ॅपवरून विकल्या जाणाऱ्या सेवांनाही लागू होतात. कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिनाभरात निकाल लावावा असं त्यात आहे. मिक्सर बिघडला तर ठीक आहे. नाकातली नळी निघाल्यावर ४८ तास म्हणजे काय, ते कुठल्याही नर्सला विचारा.

आणि कामगार म्हणून मुलीला? २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या सातव्या अनुसूचीत कुठले कुठले अ‍ॅपवाले येतात त्याची यादी आहे, आणि टॅक्सी, जेवणाची डिलिव्हरी यांच्या पंगतीत आरोग्यसेवाही आहे. हे वाचून मला बरं वाटलं. अशा कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच, कल्याण निधीत टाकायचा. विमा, अपघात, म्हातारपण यासाठी तो निधी. चांगलंच आहे. पण दोन तारे पडल्यावर तिचं काम का बंद झालं हे तिला कुणी सांगायला हवं, असं त्यात नाही. तसं शेजारच्या कर्नाटकाने केलं. तिथल्या २०२५ च्या कायद्यात काम कायमचं बंद करायच्या आधी चौदा दिवसांची नोटीस आणि लेखी कारण द्यावं लागतं. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये निर्देश काढला की माणसाचं खातं बंद करण्याचा निर्णय यंत्राने परस्पर घ्यायचा नाही, माणसानेच घ्यायचा. सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात आणायला २ डिसेंबर २०२६ ची मुदत आहे. आमच्या मोलें घाटापलीकडे एक नियम आणि अलीकडे दुसरा. कर्नाटकातल्या खानापूरची मुलगी घाट उतरून फोंड्यात ड्यूटीला आली की ती चौदा दिवसांची नोटीस घाटातच राहते.

गोव्यात अ‍ॅप म्हटलं की लोकांना टॅक्सीच आठवते. २०१८ मध्ये गोवामाईल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आल्यापासून जे चाललंय ते सगळ्यांना पाठ आहे. २०२५ मध्ये अ‍ॅपवाल्यांसाठी सरकारने नियमांचा मसुदा काढला तेव्हाही टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले. त्यांचं बरोबर की चूक या वादात मी पडत नाही, घरात दोन टॅक्सीवाले आहेत. पण टॅक्सीवाल्यांची संघटना आहे, आमदार त्यांचे फोन उचलतात. घरोघरी विखुरलेल्या, एकमेकींचं तोंडही न पाहणाऱ्या अटेंडंट बायकांची संघटना कशी होणार? त्या भेटतात त्या फक्त सकाळी आठला कदंबच्या बस स्टॅंडवर, एकजण रात्रपाळी संपवून जाताना आणि दुसरी दिवसपाळी सुरू करायला येताना. आणि तिथे दोघींनाही घाई असते.

हॉस्पिटलातही हे पोचलं आहे. माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी आमच्या व्यवस्थापनाने रात्रपाळीच्या जागा अ‍ॅपवरून भरायला सुरुवात केली. आजारपणाची रजा पडली की पूर्वी मी फोन करून करून आमच्याच कुणालातरी गयावया करून बोलवायचे. आता ऑफिसातला मुलगा मोबाइलवर दोन बोटं फिरवायचा आणि साडेसातला एक अनोळखी सिस्टर दारात उभी. नोंदणीकृत, कागदपत्रं चोख, मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. पण क्रॅश कार्ट, म्हणजे जीव वाचवायच्या औषधं-साधनांची ढकलगाडी, कुठे आहे हे तिला माहीत नाही, औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते माहीत नाही, संगणकाचं लॉगिन नाही म्हणून ती सगळं कागदावर लिहिते आणि सकाळची सिस्टर ते उतरवून घेते. सात नंबरचे आजोबा रात्री उठून बाथरूमला जायला बघतात, त्यांना आधीच नेऊन आणायचं असतं, हे पाळी बदलतानाच्या हँडओव्हरच्या दहा मिनिटांत कसं सांगणार? आमच्या पोरी तिच्यावर चिडायच्या. तिचा काही दोष नव्हता. मी नियम केला की अ‍ॅपवरून आलेल्या सिस्टरने पहिल्यांदा येताना एक तास आधी यायचं आणि त्या तासाचे पैसे हॉस्पिटलने द्यायचे. दोन महिने चाललं. मग अकाउंट्सने विचारलं, हा एक तास कशाचा?

अमेरिकेत हे आमच्या कितीतरी पुढे गेलं आहे. रूझवेल्ट इन्स्टिट्यूट या तिथल्या अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये २९ नर्सेस आणि सहायकांशी बोलून तिथल्या अ‍ॅपवरच्या नर्सिंगवर अहवाल काढला. काही ठिकाणी पाळीसाठी बोली लागते. जी सर्वांत कमी पैशात यायला तयार, तिला काम. नवीन हॉस्पिटलात ओळखपाळख न करून देता थेट पेशंटसमोर उभं करतात. वाचताना मला वाटलं, हे आमच्याच वॉर्डात बसून लिहिलंय की काय. बोली अजून मी आमच्याकडे पाहिली नाही. तारे आहेत, तर बोली यायला कितीसा उशीर?

तिथल्या मिनेसोटा राज्यात वृद्धांच्या शुश्रूषागृहांना तात्पुरत्या नर्स पुरवणाऱ्या एजन्सींना आरोग्य खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यांनी किती दर लावावा याला कमाल मर्यादा आहे: त्या पदाच्या सरासरी पगाराच्या, त्यावरच्या करांसह, दीडपट. आमच्याकडेही दरावर मर्यादा घाला असं लोक लगेच म्हणतील. मला ते पटत नाही. चवथीला घर सोडून जी बाई परक्याच्या उशाशी बसते तिला दुप्पट मिळायला हवेत, आणि दर बांधला की ती सरळ नाही म्हणेल. बांधायचा असेल तर अ‍ॅपने मध्ये ठेवायचा हिस्सा बांधा. घरच्यांनी किती दिले आणि बाईला किती पोचले हे दोन्ही आकडे दोघांच्याही फोनवर एकाच पावतीवर दिसले तरी अर्धं काम होईल. काकींना आणि मुलीला एकमेकींचा आकडा मी सांगितला तेव्हा कळला. दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग दोघींनी एकदमच अ‍ॅपला शिव्या दिल्या.

मला हवंय ते फार मोठं नाही. पेशंटजवळ माणूस पुरवून त्यातून पैसे कमावणाऱ्या प्रत्येकाने, मग तो अ‍ॅप असो की फोंड्याच्या बाजारातल्या दोन खोल्यांतला ब्युरो, आरोग्य खात्याकडे नोंद करायची. माणसाच्या फोटोशेजारी तिचं शिक्षण आणि कौन्सिलचा नंबर असेल तर तो. नोंद नसेल तर 'नर्स' हा शब्द आणि त्याच्या आसपासचा कुठलाही शब्द वापरायचा नाही. अटेंडंटने काय करायचं नाही याची यादी मराठी-कोंकणीत, मोठ्या अक्षरांत, बुकिंग करतानाच घरच्यांसमोर यायला हवी, म्हणजे दुबईहून कुणी 'घाल परत' म्हणणार नाही. आणि रात्री फोन उचलायला एक नोंदणीकृत नर्स. बारा हजारांत ते बसतं. एका नर्सच्या पगारात शंभर घरांचे रात्रीचे फोन सांभाळता येतात, मी रात्रपाळीला सांभाळलेले आहेत.

ताऱ्यांचं काय करायचं? घरच्यांनी जेवणखाण, वेळ, बोलणं याला द्यावेत हवे तेवढे. उपचाराबद्दल तक्रार असेल तर ती त्या नर्सने तपासल्याशिवाय मुलीच्या नावावर चढू नये.

छोट्या ब्युरोवाल्या या नियमांनी मरतील असं मला एकीने सांगितलं. तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तिने स्वतः नर्सिंग केलेलं आहे, ती स्वतः घरी जाऊन पेशंट बघते आणि मग बाई ठरवते. असे ब्युरो टिकले पाहिजेत. पण तिच्यासारख्या नसलेल्याही मी पाहिल्या आहेत. मुलींचे मूळ दाखले कपाटात अडकवून ठेवणाऱ्या, दोन-दोन महिने पगार तोंडी वायद्यावर ढकलणाऱ्या. अ‍ॅपने निदान पैसे बँकेत आणि तारखेला दिले, हे त्या मुलीनेच मला सांगितलं. झारखंड, आसामहून आलेल्या, इथे कुणी ओळखीचं नसलेल्या पोरीला दलालाशिवाय काम मिळतं तेही अ‍ॅपमुळेच. म्हणून मी अ‍ॅप बंद करा म्हणत नाही.

दोन गोष्टी कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. एक, हजेरीची सेल्फी. ड्यूटी सुरू झाली हे सिद्ध करायला मुलीला पेशंटच्या खोलीतून फोटो पाठवावा लागतो. मी असा एक फोटो पाहिला. मुलगी पुढे, मागे काका, लुंगी सरकलेली, तोंडातून लाळ. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात इस्त्री नसलेला शर्ट घातला नाही तो असा कुठल्यातरी सर्व्हरवर रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन पडतो. डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ मध्ये आले. काकांची संमती कुणी घेतली? त्यांना बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट बायकांची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं, हॉस्पिटलांतल्या रात्रपाळीच्या सुरक्षेची चर्चा देशभर झाली. घरात रात्रपाळी करणाऱ्या मुलीची कुणी केली नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरही कामाचं ठिकाण धरलेलं आहे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मी ज्या ज्या मुलींना विचारलं त्यांतल्या एकीलाही ही समिती माहीत नव्हती. अ‍ॅपच्या मदतीच्या पानावर 'पैसे उशिरा आले', 'पत्ता सापडत नाही' असे पर्याय आहेत. 'घरात भीती वाटते' असा नाही. खोलीला आतून कडी आहे का हे त्या दोडामार्गच्या मुलीने नव्या घरी गेल्या गेल्या पाहिलं होतं. तिला कोर्समध्ये ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

ती आता अ‍ॅपवर नाही. आमच्याच भागातली दोन घरं तिने परस्पर धरली आहेत, एक दिवसाचं, एक रात्रीचं. पैसे आधीपेक्षा जास्त, हातात रोख. विमा नाही, निधी नाही, आजारी पडली तर बदली द्यायला कुणी नाही. सामाजिक सुरक्षा संहितेतली ती यादी तिला मी दाखवली तर म्हणाली, "म्हणजे मला निधी मिळायचा तर परत त्यांच्याकडे जायला हवं?" मला उत्तर सुचलं नाही. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून तिची नोंद मात्र करून घेतली.

विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनाआधी आमच्या आमदारांना द्यायला मी एक निवेदन लिहिते आहे. त्यासाठी मला करारनामे हवे आहेत. अ‍ॅपचे, ब्युरोचे, घरच्यांशी केलेले आणि बायकांशी केलेले, दोन्ही. अ‍ॅपवाले ते पान मधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या फोनवर असेल तर आजच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नाव-पत्ता झाकून मला पाठवा. ज्या मुलींकडे पगाराच्या कापाकापीचे मेसेज आहेत त्यांनीही. चवथीच्या आधी पाठवलेत तर बरं, नंतर महिनाभर कुणाला कशाची सवड नसते, मलाही नाही.